पाणवठ्यावर नवा माणूस

कवळ्या तयार करणाऱ्या माणसाला दिवसभर कोणी काही विचारत नाही. डेंटिस्टकडून साचा येतो, सोबत चिठ्ठी येते, चिठ्ठीवर दातांच्या रंगाचा नंबर असतो. मेण लावायचं, दात बसवायचे, घासायचं, चकाकी आणायची आणि डबीत घालून पाठवून द्यायचं. ज्याच्या तोंडात ती कवळी जाणार तो कधी दिसत नाही, आणि कवळीबद्दल त्याला काय वाटलं हेही कळत नाही. या कामात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला आपलं कुणीतरी ऐकावं असं वाटलं, तर तो काही गुन्हा नव्हे.

या माणसाचं ऐकणारे लोक इंटरनेटवर होते. तिथे त्याला मुकादम म्हणत. ‘पाणवठा’ नावाच्या मंचाचा तो सतरा वर्षांपासूनचा प्रमुख.

पाणवठा हा ‘जलनगर’ खेळणाऱ्यांचा अड्डा. जलनगर हा एक जुना कॉम्प्युटर गेम. त्यात शत्रू नाहीत, बंदुका नाहीत, सोडवून आणायला राजकन्या नाही. एक नदी असते, एक गाव असतं, आणि गावाला पाणी द्यायचं असतं. पाइप टाका, टाक्या बांधा, व्हॉल्व्ह फिरवा, गळती शोधा. गावकरी खूश झाले की आणखी गावकरी राहायला येतात आणि पाणी पुन्हा कमी पडतं. हे ऐकून ज्यांना गेम कंटाळवाणा वाटतो, त्यांना तो खेळूनही कंटाळवाणाच वाटतो. उरलेले सतरा वर्षं खेळतात.

एके काळी पाणवठ्यावर नऊ हजार माणसं होती. आता अकरा होती. त्यातले चौघे गेमसुद्धा खेळत नसत. ते फक्त रोज येऊन पाणवठा पूर्वीसारखा राहिला नाही असं सांगून जात. ‘पाणवठा आटतोय का?’ या नावाची एक चर्चा चारशे बारा पानांवर गेली होती आणि मंचावर हलतं-बोलतं असं तेवढंच उरलं होतं. नव्या लोकांनी पाणवठ्याची वाट लावली, यावर त्या चारशे बारा पानांत सर्वांचं एकमत झालेलं होतं. शेवटचा नवा माणूस येऊन गेल्याला अकरा महिने झाले होते, ही गोष्ट कुणी मध्ये आणली नाही.

बारा तारखेला सकाळी सूचना आली. ज्या कंपनीच्या जागेवर पाणवठा फुकटात भरत असे, तिने कळवलं होतं की ओसाड मंच आता गोठवण्यात येतील. म्हणजे जुनं वाचता येईल, नवं लिहिता येणार नाही. ज्यांना हे टाळायचं असेल त्यांनी तीस तारखेच्या संध्याकाळी सहाच्या आत तीन गोष्टी घडवून आणाव्यात. एखाद्या नव्या सदस्याने प्रश्न विचारावा. त्याला जुन्या सदस्याने स्वतःच्या शब्दांत उत्तर द्यावं, नुसती लिंक चालणार नाही. आणि त्या नव्या सदस्याने परत येऊन आणखी एकदा काहीतरी लिहावं.

मुकादमाने सूचना दोनदा वाचली. तोवर हातातल्या वरच्या दाढेचं मेण गार होऊन गेलं.

पाणवठ्यावर त्याने आजवर एकवीस हजार पोस्टी लिहिल्या होत्या. घरात तो एवढं बोलला असता तर संसार वेगळाच झाला असता, असं त्याची बायको म्हणायची. चांगला की वाईट, ते सांगायची नाही.

त्याने सूचना मंचावर लावली. पहिलं उत्तर ‘तुडुंब’चं आलं. तुडुंब हे पाणवठ्यावरचं सगळ्यात उत्साही नाव.

“एवढंच? एक माणूस आणायचा! उगाच घाबरवलंत.”

दुसरं आलं ‘दाबमापक’चं. दाबमापक हा मुकादमाचा उजवा हात. नियम त्याला तोंडपाठ होते, आणि त्याच्या मते ते इतरांनाही असायला हवे होते.

“नवा माणूस यावा हे मान्य. पण तो जुन्यांसारखा असावा. शिवाय ही सूचना वेगळी लावण्याचं कारण नाही. विषय तोच असल्यामुळे ‘आटतोय का’मध्ये हलवली आहे. पान चारशे तेरा.”

तिथे ती हलवली गेली, आणि त्यानंतर ती कुणी वाचली नाही.

घरी बायकोने दार उघडलं आणि त्याचा चेहरा पाहिला. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायची, त्यामुळे चेहऱ्यावरून निदान करण्याची तिला घाई असे.

“काय झालं? कुणी गेलं का?”

“जायच्या बेतात आहे.”

“कोण?”

“पाणवठा.”

“देवा! मला वाटलं माणूस.” ती आत वळली. “हात धुवा आधी, प्लास्टर लागलंय कोपरापर्यंत.”

दिवाणखान्यात सोफ्यावर सासूबाई होत्या. त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि सहा आठवडे त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. चौतीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलात नोकरी करून त्या मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. रिकामं बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. आईचा वेळ जावा म्हणून लेकीने त्यांच्या टॅबवर जलनगर घालून दिलं होतं. अकराव्या दिवशी त्यांचं गाव जावयाच्या गावापेक्षा मोठं झालं. हे मुकादमाने पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

आता तो त्यांच्याशेजारी बसला. एरवी तो समोरच्या खुर्चीवर बसत असे. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“काय जावईबापू? काही काम आहे वाटतं.”

“नाही, सहज. म्हटलं आईंना गेममध्ये काही अडतंय का बघावं.”

“अडतंय ना. ही खालची टाकी. वरचा व्हॉल्व्ह चांगला घट्ट बंद करून झोपते मी. पण सकाळ झाली की आपली भरून वाहतेय.”

मुकादमाचा चेहरा उजळला. “हा तर फार गाजलेला प्रश्न आहे!”

“मग सांगा की उत्तर.”

“इथे नको. तिथे विचारा, पाणवठ्यावर.”

“तुम्ही या सोफ्यावर, मी याच सोफ्यावर. आणि विचारायचं तिथे?”

“तशी पद्धत आहे.” मग त्याने त्यांना सगळी हकीगत सांगितली. कंपनी, सूचना, तीन अटी, तीस तारीख. सांगता सांगता त्याचा आवाज खाली गेला. सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. नातेवाइकांना बोलावून घ्या असं सांगण्याआधी त्या पूर्वी असाच पुसत असाव्यात.

“बरं. विचारते,” त्या म्हणाल्या.

“फक्त एक. तुम्ही माझ्या नात्यातल्या आहात हे तिथे कळता कामा नये. नियम एकोणीस. नात्यातल्यांना झुकतं माप मिळू नये म्हणून मीच केला आहे.”

“काळजी नको. मी इथेसुद्धा फारसं कुणाला सांगत नाही.”

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

पाणवठ्याचे नियम एकेचाळीस होते. सासूबाईंनी ते सगळे वाचले. आजवर असं करणारा दाबमापकानंतरचा तो पहिलाच सदस्य. नियम तीन असा की टोपणनाव पाण्याशी संबंधित हवं. त्यांनी ‘सिस्टर’ घेतलं होतं, ते परत आलं. मग त्यांनी ‘सलाईन’ घेतलं. त्यावर दाबमापकाने हरकत घेतली की सलाईन खारट असतं आणि जलनगरात फक्त पिण्याचं पाणी येतं. तुडुंबचं म्हणणं पडलं की सलाईनमध्ये पाणी असतं एवढं पुरे. मतदान झालं. अकरापैकी सात जणांनी मत दिलं, आणि चार विरुद्ध तीन असं सलाईन पाणवठ्यावर दाखल झालं. यात पाच दिवस गेले.

मग परिचय. सासूबाईंनी लिहिलं, ‘नमस्कार. मी नवीन आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे सध्या घरीच असते. तुम्ही सगळे कसे आहात?’ हा परिचय दाबमापकाने उतरवला. परिचयाच्या विभागात प्रश्न विचारायचा नसतो, नियम चौदा. शेवटचं वाक्य काढून पुन्हा लावण्याची सूचना त्यांना देण्यात आली.

“म्हणजे कसे आहात विचारायचं नाही?” सासूबाईंनी जावयाला विचारलं.

“प्रश्नांच्या विभागात विचारायचं.”

“तिथे विचारलं तर?”

“तिथे फक्त गेमबद्दलचे प्रश्न असतात.”

“मग कसे आहात हे कुठे विचारतात?”

मुकादमाने विचार केला. तसा विभाग नव्हता.

एकवीस तारखेला दुपारी एकदाचा टाकीचा प्रश्न मंचावर लागला. मुकादम तेव्हा एका अवघड खालच्या कवळीवर वाकलेला होता. दोन्ही हात प्लास्टरमध्ये. शेजारी ठेवलेला फोन थरथरला तेव्हा त्याला बरं वाटलं. चार मिनिटांनी पुन्हा थरथरला तेव्हा आणखीनच बरं वाटलं. म्हणजे उत्तरही आलं. लोक उगाच म्हणतात पाणवठा आटला.

हात धुऊन त्याने पाहिलं. दाबमापकाने लिहिलं होतं, ‘हा प्रश्न पूर्वी येऊन गेला आहे. आधी शोधा.’ खाली लिंक. त्याखाली कुलूप. चर्चा बंद.

चुकलं कुठेच नव्हतं. पाणवठ्यावर कुठल्याही प्रश्नाला असंच उत्तर देत, आणि ते देणाऱ्याला खोलवर समाधान मिळे. मुकादमाने स्वतः ते हजारदा अनुभवलं होतं. फक्त कंपनीच्या हिशेबी हे उत्तर नव्हतं.

तो घरी आला तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर वही होती. त्या वहीत तारीख, वेळ आणि शेरा असे तीन रकाने आखलेले होते.

“पाठवलं मला एका ठिकाणी. तिथे कुणीतरी दहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारलाय आणि त्याला दुसरीकडे पाठवलंय. मी तिकडे निघालेय.”

“हो, तसंच जायचं असतं. शेवटी उत्तर असतं.”

“असेल. आमच्याकडे केसपेपरला शेवटी सही असायची.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी वही जावयापुढे ठेवली. बोट एकेका ओळीवरून खाली आणलं.

“चौदा ठिकाणी गेले. प्रत्येकाने सांगितलं, आधीच सांगून झालंय, तिकडे बघ. तेराव्याने चौदाव्याकडे पाठवलं. आणि हा चौदावा. त्याने कुठे पाठवलं असेल?”

“कुठे?”

“पहिल्याकडे.”

“असं होणार नाही, आई.”

“आमच्या ओपीडीत एखाद्या पेशंटला असं खिडकी-खिडकी फिरवलं असतं ना, तर मी संध्याकाळी सगळ्या खिडक्या बंद करून चाव्या घरी नेल्या असत्या.”

मुकादमाने स्वतः शोधायला घेतलं. पंधरा वर्षांमागे जात जात तो चौदाही ठिकाणी गेला. काही उत्तरं विनम्र होती, काही खेकसलेली. पाचव्या ठिकाणी त्याला तो स्वतःच भेटला, तरुण आणि तापट: ‘किती वेळा सांगायचं? आधी शोधा.’ नवव्या ठिकाणी पुन्हा तोच. चौदापैकी सहा उत्तरं त्याची होती. कुठेतरी मध्ये कुणीतरी जुनी पानं आवरताना एक लिंक बदलली असावी, की मुळात कुणी उत्तर दिलंच नव्हतं, हे आता कळायला मार्ग नव्हता. बाकी सगळं स्पष्ट होतं. पाणवठ्यावरच्या सगळ्यात गाजलेल्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

आणि ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याच्या स्वतःच्या गावातली खालची टाकी पंधरा वर्षं वाहत होती. उत्तर मंचावर आहे या भरवशावर त्याने ती वाहू दिली होती.

“काय, सापडलं?” बायकोने विचारलं.

“शोधतोय.”

“आधी शोधायचं असतं म्हणे,” ती म्हणाली आणि भाजी हलवायला गेली.

पाणवठ्यावर एक आतली खोली होती. तिचं नाव ‘ज्येष्ठांचा घाट’. तिथे फक्त पाच वर्षांपेक्षा जुन्या सदस्यांना प्रवेश होता, आणि नव्यांना ती दिसतसुद्धा नसे. मुकादमाने तिथे जाऊन विचारलं. त्याने प्रश्न अगदी सहज विचारल्यासारखा केला, म्हणजे उत्तर आपल्याला येतं पण इतरांचीही परीक्षा पाहावी, तसा.

‘खालच्या टाकीचं नेमकं कारण कोण थोडक्यात मांडू शकेल?’

दोन तास गेले. मग तुडुंबने लिहिलं, ‘मला वाटायचं दाबमापकला माहीत आहे.’ दाबमापकाने लिहिलं, ‘मला वाटायचं मुकादमांना माहीत आहे.’

आणि मग घाटावर जी झुंबड उडाली, तशी दहा वर्षांत उडाली नव्हती. तुडुंब आलेख घेऊन आलं. दाबमापकाने तीन रात्रींचं पाणी मोजून तक्ता लावला. पहाटेचं धुकं टाकीत उतरतं, असा एकाचा सिद्धांत. दुसऱ्याच्या मते व्हॉल्व्ह बंद होतो पण पाइपला ते कळत नाही. सहा सहा वर्षं गप्प असलेले सदस्य उठून आले. कुणी कुणाला मूर्ख म्हणालं, कुणी माफी मागितली. चार दिवसांत साडेतीनशे पोस्टी पडल्या. मुकादम कवळ्या घासता घासता हसत होता, आणि डबीत घालताना एकदा वरची आणि खालची वेगवेगळ्या माणसांची घातली.

अठ्ठावीस तारखेला त्याच्या लक्षात आलं की हे सगळं आतल्या खोलीत चाललं आहे. बाहेरून पाहणाऱ्याला पाणवठा ओसाडच दिसत होता. सलाईनचा प्रश्न कुलपाखाली जिथे होता तिथेच होता.

त्याने घाटावर लिहिलं, ‘बाहेर त्या नव्या सदस्याला कुणीतरी उत्तर द्या. दोनच दिवस राहिलेत.’

दाबमापकाचं उत्तर तत्काळ आलं. ‘उत्तर सापडल्याशिवाय उत्तर कसं देणार? नियम सात. खात्री नसेल तर लिहू नये.’

नियम सातही मुकादमानेच केला होता. करताना त्याला आपण फार शहाणे आहोत असं वाटलं होतं.

तीस तारखेला त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साडेचारला घरी आला. सासूबाई वॉकर धरून दिवाणखान्यात येरझारा घालत होत्या आणि तोंडाने आकडे मोजत होत्या. मुकादम कॉम्प्युटरपुढे बसला. आधी त्याने कुलूप काढलं. मग उत्तराच्या चौकटीत लिहिलं, ‘या विषयावर तज्ज्ञांमध्ये मतभेद असून’. ते खोडलं. ‘आपला प्रश्न विचाराधीन आहे’ असं लिहिलं. तेही खोडलं. कंपनीला यातलं काहीही चाललं असतं. पण पंधरा वर्षांपूर्वीचा तो तरुण तापट मुकादम त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. तेव्हा प्रश्न विचारणारा कोण होता, कुठला होता, पुढे त्याच्या टाकीचं काय झालं, काही कळलं नव्हतं. तो परत आला नव्हता. त्या चौदातलं कुणीच परत आलं नव्हतं.

पाच वाजले. त्याने लिहिलं, ‘मला माहीत नाही.’ आणि ते तसंच ठेवून पडद्याकडे बघत बसला.

बायको खांद्यामागे येऊन उभी राहिली होती.

“पाठवा की. त्यात काय एवढं? घरात तर दिवसाला दहादा म्हणता. लायटरचं काय झालं? माहीत नाही. लाइट बिल कुठे ठेवलं? माहीत नाही. आणि इथेच कसा घसा बसला?”

“इथे मी मुकादम आहे.”

“असाल. मुकादमाला काय सगळं माहीत असतं? आमच्या लॅबचे साहेब बघा.”

मुकादमाने पुढे आणखी एक वाक्य जोडलं: ‘सतरा वर्षं खेळतो आहे, माझीही टाकी वाहते.’ आणि पाच वाजून दहा मिनिटांनी पाठवून दिलं.

काही कोसळलं नाही. चार मिनिटांनी तुडुंबने लिहिलं, ‘माझीही.’ मग आणखी एक आलं, ‘मला वाटायचं माझीच वाहते, म्हणून कधी बोललो नाही.’ मग ‘माझीही’, ‘माझीही’. घाटावर ज्यांनी धुक्याचे सिद्धांत मांडले होते, ते एकेक करून बाहेर येऊन आपापली टाकी कबूल करू लागले. सगळ्यात शेवटी, पाच पंचवीसला, दाबमापक. ‘नियम सातची जाणीव ठेवून: माझीही.’

दोन अटी पुऱ्या झाल्या. राहिली तिसरी. ती वॉकर धरून खिडकीपाशी वळत होती.

“आई, आता तुम्ही काहीतरी लिहायला हवं. सहाच्या आत.”

“तेरा,” सासूबाई म्हणाल्या. “वीस झाल्याशिवाय बसायचं नाही, असं फिजिओथेरपीवाल्या मुलीने सांगितलंय.”

“आजचा दिवस...”

“चौदा. नियम म्हणजे नियम, जावईबापू. तुम्हाला काय सांगायचं?”

मुकादमाने आयुष्यात इतक्या काळजीपूर्वक कुणाचं चालणं पाहिलं नव्हतं. पाच चाळीसला त्या बसल्या. चष्मा शोधला. तो डोक्यावर होता. टॅब मांडीवर घेतला आणि आलेली सगळी उत्तरं सावकाश, ओठ हलवत वाचली.

“हे तुडुंब म्हणजे बाई की बुवा?”

“माहीत नाही,” मुकादम म्हणाला. आता ते पटकन आलं.

“आणि तो दाबवाला? काय करतो?”

“माहीत नाही.”

“किती वर्षांची ओळख म्हणालात?”

“सतरा.”

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि एका बोटाने लिहायला लागल्या. मुकादम घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. बायको घड्याळाकडे बघून त्याला खुणेने वेळ सांगत होती. पाच एकावन्नला पोस्ट गेली.

‘सगळ्यांचे आभार. माझी एकटीचीच टाकी वाहत नाही हे कळून बरं वाटलं. उत्तर मलाही मिळालं नाही, पण ती वाहतेच आहे तर मी तिच्याखाली बाग लावली. आता वाहते ते पाणी झाडांना जातं आणि गावकरी खूश आहेत. आता माझा दुसरा प्रश्न. तुम्ही सगळे कोण? काय काम करता? घरी कोण कोण असतं?’

“बाग,” मुकादम पुटपुटला. सतरा वर्षांत, नऊ हजार माणसांत, वाहत्या टाकीखाली बाग लावावी असं कुणाला सुचलं नव्हतं.

त्याच क्षणी ती पोस्ट पडद्यावरून नाहीशी झाली. जागी एक पट्टी आली: ‘तक्रार दाखल. निर्णय होईपर्यंत मजकूर झाकला आहे.’

तक्रारदार दाबमापक. कारण, नियम बारा, विषयांतर. झाकलेला मजकूर कंपनी मोजत नव्हती. पाच त्रेपन्न.

मुकादमाने त्याला खाजगी निरोप टाकला. ‘तक्रार मागे घ्या. पाणवठा गोठेल.’

‘गोठला तरी नियमाने गोठेल. घरची चौकशी हा विषय होऊ शकत नाही.’

‘मी तक्रार फेटाळतो आहे.’

‘सतरा वर्षांत तुम्ही माझी एकही तक्रार फेटाळलेली नाही. कारण कळेल का?’

मुकादमाने कारण शोधलं. नियमांत सापडलं नाही. पाच छप्पन्न.

‘कारण सलाईन या माझ्या सासूबाई आहेत, आणि त्या समोर बसल्या आहेत.’

आणि त्याने बटण दाबलं. पट्टी गेली. पोस्ट परत आली.

मग दाबमापकाचा निरोप आला. ‘आधी सांगायचं होतं.’

सहा वाजता कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं. पाणवठा सुरू राहील. मुकादमाने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग बराच वेळ प्लास्टर अडकलेली नखं बघत बसला. बायकोने पाण्याचा ग्लास आणून शेजारी ठेवला. “चला, वाचला एकदाचा,” ती म्हणाली. या खेपेला तिने पुढे काही जोडलं नाही.

“शूः,” सासूबाई म्हणाल्या. “उत्तरं येतायत.”

तुडुंब निघाली एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीची प्रमुख. दिवसाला चारशे चादरी, घरी नवरा, दोन मांजरं. मुकादमाने ते दोनदा वाचलं. सतरा वर्षं तो तिला ‘अरे तुडुंबा’ म्हणत आला होता.

मग दाबमापक आला.

‘शाळेच्या प्रयोगशाळेत होतो. मुलं उपकरणं फोडायची, मी नोंद करायचो. आता निवृत्त. घरी एकटाच असतो. डावा गुडघा दुखतो, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, धीर होत नाही. सलाईनताई, तुम्हाला फार त्रास झाला का?’

“अगंबाई,” म्हणत सासूबाईंनी टॅब जवळ ओढला आणि एक बोट वर करून, कुठून सुरुवात करावी याचा क्षणभर विचार केला. मग लिहायला लागल्या. हे लांबणार होतं, हे त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं.

मुकादमाच्या पडद्यावर एक नवी पट्टी उमटली. तक्रार. नियम बारा, विषयांतर. तक्रार दाबमापकाच्या त्या पोस्टीविरुद्ध होती, आणि ती दाबमापकानेच नोंदवली होती.

मुकादमाने ती वाचली, झाकली गेलेली पोस्ट निर्णयाआधीच पटकन उघडी केली, आणि तक्रार विचाराधीन ठेवली.